कॉम्प्युटर सायन्समध्ये रिसर्च मेथडॉलॉजी हा विषय नुसता पाठ करून पास व्हायचा, की त्यातून खरंच काही शिकता येतं?

तुम्ही एम.टेक.च्या पहिल्या वर्षाला आहात. सीनियर सांगतात की दोन क्रेडिटचा विषय आहे, आदल्या रात्री नोट्स वाचल्या तरी निघतो. आणि तुम्हाला विचारायचंय की यावर वेळ घालवावा का, आणि संशोधनाचे पेपर वाचायचे कसे. वेळ जरूर घालवा, फक्त पुस्तकावर कमी आणि प्रयोगावर जास्त. मी पुण्यात एम.टेक. केलं, आता मराठी मजकुराच्या विश्लेषणावर पीएच.डी. करतोय, आणि रोजच्या कामात मला सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा विषय हाच आहे.

मुलांचं मन यात का लागत नाही तेही समजतं. एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या, मॉडेल अभ्यासक्रमात हा विषय पेटंट-कॉपीराइटला जोडून येतो. वर्गात वापरली जाणारी पुस्तकं बरीचशी वाणिज्य आणि समाजशास्त्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली. प्रश्नावली कशी तयार करावी, नमुना कसा निवडावा हे वाचताना कंपायलर किंवा न्यूरल नेटवर्कवर काम करणाऱ्याला वाटतं, याच्याशी माझा काय संबंध? आपला प्रोग्रॅम चालला, सेकंद मोजले, झालं.

पण सगळी गोम त्या सेकंद मोजण्यातच आहे. एक मोठी फाइल वाचणारा प्रोग्रॅम लागोपाठ दोनदा चालवून बघा. पहिल्यांदा फाइल डिस्कवरून येते, दुसऱ्यांदा बहुतेक वेळा मेमरीत तयार असते, त्यामुळे वेळ कमी लागतो. चार्जर काढला की अनेक लॅपटॉपचा प्रोसेसर वेग कमी करतो, तापला की आणखी कमी. या गोष्टी निदान लक्षात तरी येतात. 2009 मध्ये मिटकोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एएसपीएलओएस या संगणक-रचनेवरच्या परिषदेतल्या पेपरात दाखवलेली गोष्ट लक्षातही येत नाही. युनिक्समधल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सचा (प्रोग्रॅमला सिस्टिमकडून मिळणाऱ्या सेटिंग्जचा) एकूण आकार बदलला, किंवा ऑब्जेक्ट फाइली (प्रोग्रॅमचे कंपाइल केलेले तुकडे) वेगळ्या क्रमाने लिंक केल्या, की त्याच प्रोग्रॅमचा वेग बदलतो. व्हेरिएबल्सचा आकार बदलला की स्टॅकची, म्हणजे प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या डेटाची, मेमरीतली जागा सरकते, एवढंच कारण पुरतं. कंपायलरचं एखादं ऑप्टिमायझेशन फायद्याचं की तोट्याचं, हा निष्कर्षसुद्धा त्यामुळे उलटू शकतो. हा पेपर वाचल्यापासून 'माझी पद्धत चार टक्के वेगवान' असं वाक्य कुठे दिसलं की मी आधी विचारतो: कोणत्या मशीनवर, किती वेळा चालवून, आणि प्रत्येक वेळच्या आकड्यांत फरक किती?

माझ्या स्वतःच्या क्षेत्रात मशीनपेक्षा माणसं मोजणं अवघड जातं. समजा 100 मराठी कमेंट दोन जणांना दिल्या आणि प्रत्येकीवर 'सकारात्मक' किंवा 'नकारात्मक' असा शिक्का मारायला सांगितलं. 80 ठिकाणी दोघांचं जुळलं. ऐकायला झकास वाटतं. पण दोघांनीही 70 कमेंटना सकारात्मक म्हटलं असेल, तर नुसत्या योगायोगानेच 49 (70 चे 70 टक्के) अधिक 9 (30 चे 30 टक्के), म्हणजे 58 ठिकाणी जुळलं असतं. उरलेल्या 42 पैकी खरं जुळणं 22 चं. जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये मांडलेलं 'कप्पा' (ग्रीक अक्षर) हे जुळणीचं माप ते हेच: 22 भागिले 42, इथे साधारण 0.52 येतं. आता 80 टक्के आणि 0.52 शेजारी ठेवून बघा. शिवाय त्याच डेटावर डोळे झाकून प्रत्येक कमेंटला 'सकारात्मक' म्हणणारा प्रोग्रॅमसुद्धा 70 टक्के अचूक ठरतो. म्हणून कुणी 78 टक्क्यांचं मॉडेल दाखवलं तर सुरुवात शून्यापासून नाही, 70 पासून धरायची.

कप्पा कमी आला की खरं काम सुरू होतं, आणि मला तेच सगळ्यात आवडतं. न जुळलेल्या कमेंट काढून दोघांनी समोरासमोर बसायचं. 'वा, काय रस्ते केलेत, मणके सैल झाले' ही कमेंट कौतुकाची नाही हे आपल्याला कळतं, पण 'बघू या, काहीतरी होईल' हिचं काय करायचं? शिक्के मारणाऱ्यांना दिलेल्या सूचनापत्रात अशा वाक्यांसाठी नियम लिहायचा, आणि नव्या कमेंटवर पुन्हा मोजायचं. प्रश्नावली आणि नमुना निवडीचे जे धडे निरुपयोगी वाटतात, ते इथे शब्दन् शब्द लागू पडतात.

न्यूरल नेटवर्ककडे जाणार असाल तर रँडम सीडचा, म्हणजे प्रोग्रॅममधले यादृच्छिक आकडे ज्यापासून सुरू होतात त्या संख्येचा, धसका आधीच घ्या. 2018 च्या एएएआय या कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या परिषदेत हेंडरसन आणि सहकाऱ्यांनी रीइन्फोर्समेंट लर्निंगचा (बक्षीस-शिक्षेतून शिकण्याचा) एकच अल्गोरिदम, त्याच सेटिंगवर, निरनिराळ्या सीडने दहा वेळा चालवला. त्याचे पाच-पाचचे दोन गट केले तर दोन वेगळे अल्गोरिदम वाटावेत इतकी सरासरी लांब गेली.

वाचनाबद्दलही विचारलंय तुम्ही. पेपर वाचायला संगणकशास्त्रज्ञ एस. केशव यांची 2007 ची तीन फेऱ्यांची पद्धत धरा. पहिल्या फेरीत पाच-दहा मिनिटांत शीर्षक, सारांश, प्रस्तावना, उपशीर्षकं आणि निष्कर्ष. दुसरीत तासाभरात आकृत्या आणि मुख्य युक्तिवाद. तिसरीत तो पेपर आपणच लिहितोय असं समजून प्रत्येक गृहीतक तपासायचं, नवख्याला यात चार-पाच तास जातात. सगळेच पेपर तिसऱ्या फेरीपर्यंत नेऊ नका, बहुतेक पहिल्या फेरीतच बाजूला पडायला हवेत.

आणि सेमिस्टरच्या प्रोजेक्टला नवीन कल्पनेच्या मागे लागू नका. एखाद्या पेपरमधलं एकच टेबल निवडा आणि ते स्वतः काढून दाखवा. कोणती आवृत्ती वापरली, डेटा कसा विभागला, तीच फॉरवर्ड केलेली कमेंट ट्रेनिंगमध्येही आहे आणि टेस्टमध्येही असं तर नाही ना, हे सगळं वहीत तारखेसह लिहीत जा. आकडा नाही जुळला तर का नाही जुळला याचा शोध हाच तुमचा रिपोर्ट, आणि माझ्या मते तो उसन्या कल्पनेवरच्या रिपोर्टपेक्षा कितीतरी वजनदार ठरतो. जीपीयू (न्यूरल नेटवर्कसाठी लागणारा वेगवान प्रोसेसर) नसला तरी अडत नाही. एसीएल अँथॉलॉजी या ऑनलाइन संग्रहात संगणकीय भाषाविषयक पेपर फुकट मिळतात, आणि त्यातल्या जुन्या पेपरांची लॉजिस्टिक रिग्रेशन या साध्या संख्याशास्त्रीय पद्धतीची टेबलं साध्या लॅपटॉपवर निघतात. पहिलं टेबल तिथूनच उचला.