लॅटिन शिकताना आधी रूपे पाठ करावीत, की रोमन संस्कृती आणि साहित्यातून सुरुवात करावी?

शाळेत संस्कृत झाले आहे, आता घरच्या घरी लॅटिन शिकायची आहे, तर आधी विभक्तींचे तक्ते घोकावेत की थेट रोमन साहित्याला हात घालावा, असे आपण विचारले आहे. मी पहिल्या खेपेला तक्त्यांपासून सुरुवात केली आणि तीन महिन्यांत पुस्तक मिटून ठेवले. दुसऱ्या खेपेला रोमन माणसांची लहानसहान लिखाणे समोर ठेवून त्यांना लागेल तेवढेच व्याकरण शिकत गेलो आणि तेव्हा भाषा अंगवळणी पडू लागली. त्यामुळे माझे मत दुसऱ्या वाटेच्या बाजूने आहे. मात्र त्या वाटेनेही तक्ते चुकत नाहीत, ते फक्त गरज पडेल तेव्हा समोर येतात.

एक उदाहरण जरा सविस्तर देतो. उत्तर इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळ विंडोलांडा नावाचे रोमन ठाणे होते. तेथील उत्खननात 1973 पासून लाकडाच्या पातळ पत्र्यांवर शाईने लिहिलेली पत्रे सापडत आली आहेत. त्यांपैकी सुमारे इसवी सन 100 मधल्या एका पत्रात क्लाउडिया सेवेरा ही बाई ठाण्याच्या अधिकाऱ्याची पत्नी सुल्पिकिया लेपिदिना हिला आपल्या वाढदिवसाचे आमंत्रण देते. ‘आद दिएम सोल्लेम्नेम नातालेम मेउम’, म्हणजे ‘माझ्या वाढदिवसाच्या सोहळ्याला’. येथे ‘आद’ या शब्दामुळे पुढचे चारही शब्द द्वितीयेत गेले आहेत आणि चारांच्याही शेवटी ‘म’ आहे. ‘रामम्’ पाठ केलेल्या माणसाला हा ‘म’ परका वाटण्याचे कारण नाही, कारण तो दोन्ही भाषांना एकाच पूर्वजाकडून मिळाला आहे. वाढदिवसाची तारीख ‘सप्टेंबरच्या ईदूसच्या (महिन्याच्या मध्यावरच्या ठरलेल्या दिवसाच्या) आधीचा तिसरा दिवस’ अशी दिली आहे. सप्टेंबरचा ईदूस 13 तारखेला येतो आणि रोमन लोक मोजताना दोन्ही टोके धरत, म्हणून ती तारीख 11 होते, 10 नव्हे. पत्राचा मुख्य भाग लेखनिकाच्या हातचा असला, तरी शेवटच्या ओळी सेवेराने स्वतः लिहिल्या आहेत आणि त्यांत ती मैत्रिणीला ‘सोरोर, आनिमा मेआ’ म्हणते. ‘सोरोर’ म्हणजे बहीण, आपल्या ‘स्वसृ’ची सख्खी नातलग, आणि ‘आनिमा’ ज्या धातूपासून आला, त्याच धातूपासून ‘प्राण’ हा शब्द झाला. एवढ्या चार ओळींतून मला द्वितीया, दिनदर्शिका आणि दोन बायकांची मैत्री एकदमच कळली, आणि त्यांतले काहीही पुन्हा पाठ करावे लागले नाही.

संस्कृतचा फायदा छंदांतही होतो. लॅटिन पद्य लघु-गुरूंवर चालते आणि जोडव्यंजनाआधीचे अक्षर तेथेही गुरूच धरले जाते. त्यामुळे रोमन कवी व्हर्जिलच्या एनियस या नायकावरील महाकाव्याची पहिली ओळ, ‘आर्मा विरुम्क्वे कानो’, वृत्ते लावायची सवय असलेल्या वाचकाला फारशी अडत नाही.

तरी ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांपासून सावध राहावे. ‘फामिलिया’चा अर्थ मी बरेच दिवस ‘कुटुंब’ असा करत होतो, पण रोमन घराच्या ‘फामिलिया’त गुलामही मोडत, किंबहुना अनेक ठिकाणी त्या शब्दाचा अर्थ केवळ घरचे गुलाम एवढाच असतो. ‘पिउस’ हे एनियसचे विशेषण शब्दकोशात ‘धार्मिक’ असे मिळेल, परंतु जळत्या ट्रॉयमधून म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन निघालेला तो माणूस पाहिला की आपल्याला देवळापेक्षा श्रावणबाळ आधी आठवतो, आणि तो अर्थ मुळाला अधिक जवळचा आहे. असे शब्द रोमन घर, देव आणि कायदा यांच्या ओळखीशिवाय उलगडत नाहीत.

क्रमाविषयी थोडक्यात सांगायचे, तर व्हर्जिलपासून सुरुवात करू नये. पॉम्पेई या रोमन शहराच्या भिंतींवरील निवडणुकीचे मजकूर आधी घ्यावेत; त्यांत ‘याला निवडून द्या, ही विनंती’ हे वाक्य इतक्यांदा येते की रंगारी त्याची नुसती तीन आद्याक्षरे लिहून मोकळे होत. त्यानंतर मार्शल या रोमन कवीच्या दोन-दोन ओळींच्या टवाळ कविता, मग कातुल्लुस हा कवी, आणि साधारण वर्षभराने धाकट्या प्लिनीची पत्रे.

प्लिनीने व्हेसुवियस ज्वालामुखीच्या उद्रेकाविषयी इतिहासकार टॅसिटसला लिहिलेली दोन पत्रे मात्र सोडू नयेत. दुसऱ्या पत्रात धरणीकंप चालू असताना इतिहासकार लिव्हीचा ग्रंथ घेऊन टिपणे काढत बसलेला मुलगा तो स्वतःच आहे. आपले वय सांगताना तो ‘दुओदेविकेसिमुम’ वर्ष चालू होते असे म्हणतो, म्हणजे ‘विसाला दोन उणे’, अठरावे. तेव्हा त्याला सतरा पूर्ण झाली होती. इंग्रजीतून शिकणारे विद्यार्थी या वजाबाकीच्या आकड्यापाशी अडखळतात. आपण मात्र रोज ‘एकोणीस’ म्हणतो, तेव्हा विसातून एक वजाच करत असतो.