सिग्नल सुटला, गाडी जागेवरच

पावसाळ्यात घरात बसून रेसिंग गेम खेळणाऱ्यांची संख्या वाढते, तशी आमच्याकडे येणारी पत्रंही वाढतात. यंदा बहुतेकांची तक्रार एकच: गाडी ऐकत नाही. निवडक पत्रं थोडक्यात आणि त्यांची उत्तरं.

फोर्झा होरायझन ५ मध्ये मागच्या चाकांवर चालणारी गाडी घेतली, इंजिनवर सगळे पैसे लावले. आता प्रत्येक वळणावर गिरकी घेते. कंट्रोलर वापरतो. गाडी बदलू का?
– एक वाचक, दापोली

गाडी राहू द्या, खर्चाचा क्रम बदला. आधी टायर, मग ब्रेक आणि सस्पेन्शन, इंजिन सगळ्यात शेवटी. टायरची पकड ठरावीक असते. ब्रेक, वळण आणि ओढ या तिघांचा खर्च त्याच एका खिशातून होतो. वळण्यातच सगळा खिसा रिकामा झाला असेल आणि त्यात तुम्ही ट्रिगर (कंट्रोलरचं वेग देणारं बटण) दाबला, तर मागची चाकं सुटणारच.

गिरकी नेमकी कुठे बसते ते आधी बघा, कारण तीन जागांची तीन कारणं आहेत.

वळणात शिरतानाच मागचा भाग सुटत असेल, तर तुम्ही ब्रेक दाबलेला असतानाच स्टिक (कंट्रोलरची वळवायची दांडी) पूर्ण वळवताय, किंवा पाचव्यावरून दुसऱ्या गिअरवर धडाधड उतरताय. दुसरी चूक फार जण करतात. वेग उतरायच्या आत खालचा गिअर पडला की इंजिनच मागच्या चाकांना ब्रेक लावतं आणि ती घसरतात. ब्रेक सरळ रेषेत जोरात दाबा, वळण सुरू झालं की हळूहळू सोडत न्या, आणि गिअर एकेक करून उतरवा. आंबा घाट उतरताना जाणता ड्रायव्हर गिअर वळणाच्या आधी पाडतो, वळणात नाही. तेच इथे.

वळणाच्या मधोमध सुटत असेल, तर तुम्ही घाबरून ट्रिगर एकदम सोडताय. गाडीचं वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात. थोडासा ट्रिगर दाबून ठेवा.

बाहेर पडताना सुटत असेल, तर एकच नियम पाळा: स्टिक जेवढी मध्याकडे येईल तेवढाच ट्रिगर दाबायचा. स्टिक अर्धी वळलेली असताना पूर्ण ट्रिगर म्हणजे गिरकी ठरलेली.

हे जमल्यावरच ट्यूनिंगला (गाडीच्या भागांची जुळणी बदलायला) हात लावा. डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणाऱ्या भागाचं) अ‍ॅक्सिलरेशन ७५ असेल तर ५० करून तीन लॅप मारा. तरी सुटत असेल तर मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारी दांडी) चार-पाच आकडे मऊ करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. स्टीअरिंगचा पर्याय ‘सिम्युलेशन’वर असेल तर कंट्रोलरवाल्यांनी तो ‘स्टँडर्ड’वर आणावा. स्टिकचा आतला डेडझोन (मधली अशी जागा, जिथे स्टिक हलली तरी गेम दाद देत नाही) ५च्या आसपास ठेवा. ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं सुटली की जोर आपोआप कमी करणारी सोय) चालू ठेवण्यात कमीपणा काही नाही.

एफ-वन गेममध्ये दिवे विझले की माझी चाकं जागेवर फिरतात आणि पहिल्या वळणापर्यंत सहा-सात गाड्या पुढे जातात. बाकी लॅप चांगले असतात. सुरुवातच का बिघडते?
– एक वाचक, मालवण

कारण तुम्ही पूर्ण ट्रिगर दाबून वाट बघताय. पहिल्या गिअरमध्ये इंजिनचा जोर चाकांपर्यंत सगळ्यात जास्त पोचतो, टायर थंड असतात आणि वजन अजून मागे सरकलेलं नसतं. चाक जमिनीच्या वेगापेक्षा साधारण १० ते १५ टक्के जास्त फिरतं तेव्हा टायर सगळ्यात जास्त ओढतो. त्याच्या पलीकडे गेलं की फक्त धूर. कोरड्या पुळणीत अडकलेल्या गाडीचं जे होतं तेच.

कंट्रोलच्या यादीत क्लच कोणत्या बटणावर आहे ते आधी पाहून ठेवा. ग्रिडवर (सुरुवातीच्या रांगेत) गाडी थांबली की क्लच धरा. पाच लाल दिवे एकेक करून लागतात, साधारण सेकंदाच्या अंतराने. तिसऱ्या दिव्याला ट्रिगर अर्ध्याच्या आसपास आणा आणि रेव्हचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा स्थिर करा. काटा वरखाली नाचत असेल तर सुरुवात बिघडलीच म्हणून समजा. पाचवा दिवा लागल्यानंतर ते विझेपर्यंतचा वेळ दर वेळी वेगळा असतो, म्हणून मनात आकडे मोजून सोडू नका. आधी हललात तर दंड बसतो, आणि तो उशिरा निघण्यापेक्षा महाग पडतो. दिवे विझले की क्लच सोडा, ट्रिगर तिथेच अर्ध्यावर ठेवा, गाडीने पकड घेतल्याचं जाणवलं की मग सावकाश वाढवा. पूर्ण ट्रिगर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. दुसरा गिअर नेहमीपेक्षा जरा लवकर टाका, चाकांवरचा जोर कमी होतो.

सराव असा करा: शर्यत सुरू करा, पहिल्या वळणापर्यंत जा, लगेच रीस्टार्ट. असं दहा वेळा. स्क्रीनवर थ्रॉटलची (ट्रिगर किती दाबलाय त्याची) पट्टी दिसते, ती कुठे असताना गाडी नीट निघाली ते लक्षात ठेवा. पावसाच्या शर्यतीत तीच पट्टी आणखी खाली लागेल.

जाता जाता, ग्रॅन टुरिस्मो ७ वाल्यांसाठी: तिथल्या बऱ्याच शर्यती चालत्या गाड्यांनीच सुरू होतात आणि पहिली गाडी आधीच लांब गेलेली असते. हा गेमचाच दोष आहे, तुमचा नाही. तिथे सुरुवातीवर मेहनत वाया घालवू नका.

सुरुवात जमते, पण पहिल्या वळणावर दर वेळी कुणाच्या तरी मागे आदळतो.
– एक वाचक, अलिबाग

पुढच्या गाडीच्या मागे हवेचा विरोध कमी असतो, म्हणून तुम्ही नेहमीपेक्षा वेगात वळणापर्यंत पोचता. त्याच वेळी पुढच्या पंखावर हवा कमी बसते, म्हणून गाडी नीट वळत नाही. वर टायर थंड. रोजच्या ब्रेकच्या खुणेच्या २० ते ३० मीटर आधी ब्रेक लावा, आणि पुढच्या गाडीच्या थेट मागे न राहता अर्धी गाडी बाजूला राहा, म्हणजे चुकलं तरी पळायला जागा उरते.

मुलगा नववीत आहे. हरला की कंट्रोलर आपटतो. गेम बंद करावा का?
– एक पालक, चिपळूण

आधी सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्युटरच्या गाड्यांची ताकद पाहा. मुलं मित्रांना दाखवायला ती शेवटच्या टोकाला नेऊन ठेवतात आणि मग रोज हरतात. तो पाचांत येईल इतकी ती खाली आणा. आठवडाभर शर्यत नकोच, टाइम ट्रायल खेळू द्या. तिथे आदळायला कुणी नसतं आणि स्वतःचाच वेळ मोडायचा असतो. टीव्हीवर खेळत असेल तर टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करा. तो बंद असला की बटण दाबणं आणि गाडी वळणं यांत उशीर होतो. तेव्हा पोरगं म्हणतं ते खरंच असतं, त्याने वेळेवर वळवलेलं असतं.

स्टीअरिंग-पेडलचा सेट घेऊन दीड वर्ष झालं. आता पाय न लावताही ब्रेक लागतो. घर समुद्रासमोर आहे.
– एक वाचक, गुहागर

पत्त्यातच उत्तर आहे. साध्या पेडलांमध्ये पोटेन्शिओमीटर असतो. त्याच्या पट्टीवर एक टोक घासत जातं. खारी दमट हवा आणि धूळ त्या पट्टीवर बसली की आकडा थरथरतो. खात्री करायची तर विंडोजच्या गेम कंट्रोलर पॅनलमध्ये ब्रेकची पट्टी बघा. पाय न लावता ती हलत असेल तर दोष पेडलचाच, गेमचा नव्हे.

वायर काढा. पेडल पंचवीस-तीस वेळा तळापर्यंत दाबा, कधी कधी एवढ्यानेच साफ होतं. नाही झालं तर खालचे स्क्रू काढून पोटेन्शिओमीटरच्या फटीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर अगदी थोडा मारा, पेडल हलवा, अर्धा तास वाळू द्या. गंज सोडवायचा साधा स्प्रे किंवा मशीनचं तेल नको, त्यावर धूळ आणखी चिकटते. स्क्रू वाटीत ठेवा, वेगवेगळ्या लांबीचे असतात. जोडल्यावर कॅलिब्रेशन करा (पेडलची दोन्ही टोकं पुन्हा नोंदवा) आणि ब्रेकचा डेडझोन २-३ टक्के द्या. खेळून झालं की सेटवर चादर टाका आणि तो खिडकीपासून लांब ठेवा. पुढचा सेट घेताना चुंबकीय सेन्सरवाला बघा, त्यात घासणारं काही नसतं.

डर्ट रॅली २.० मध्ये मातीच्या रस्त्यावर गाडी वळतच नाही, सरळ झाडात जाते.
– एक वाचक, सावंतवाडी

डांबरावरची शिस्त इथे अर्धीच चालते. मातीवर चाकं थोडी जास्त फिरलेली चालतात, ती वरची सुटी खडी बाजूला सारून खालची घट्ट जमीन शोधतात. म्हणून सुरुवातीला एफ-वनसारखं जपून निघू नका. वळणाच्या बरंच आधी ब्रेकने वजन पुढच्या चाकांवर आणा, ते पुढे असतानाच स्टीअरिंग वळवा, गाडी तिरकी झाली की ब्रेक सोडून ट्रिगर द्या. हँडब्रेक फक्त केसाच्या पिनेसारख्या आखूड वळणाला, तोही क्षणभर. पहिल्या पावसात जांभ्याच्या लाल चिखलावर स्कूटर चालवणाऱ्याला पुढचं चाक सुटणं म्हणजे काय ते सांगायला नको. तिथे हँडल आणखी वळवून उपयोग होत नाही, तसं इथेही स्टिक आणखी वळवू नका, उलट जरा परत आणा. आणि तुमचा नंबर मागे असेल तर आधी गेलेल्या गाड्यांनी रस्त्यात चर पाडलेले असतात. सस्पेन्शन दोन घर मऊ आणि गाडी थोडी उंच करून निघा.

कीबोर्डवर खेळता येतं का?
– एक वाचक, देवगड

येतं, पण बटण एकतर शून्य नाहीतर शंभर. ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सोय) चालू ठेवा, वळणाचं बटण धरून न ठेवता टिचक्या मारत वळवा. साधा वायरवाला कंट्रोलर मिळाला तर दुसऱ्याच दिवशी फरक दिसेल.