'मानवी हक्कांचा जाहीरनामा' की 'पुरुषाच्या हक्कांचा'?

फ्रेंच राज्यक्रांतीतल्या १७८९ च्या जाहीरनाम्याला मराठीत 'मानवी हक्कांचा' म्हणायचं की 'पुरुषाच्या हक्कांचा', असा प्रश्न आलाय. माझं मत विचाराल तर दोन्ही नको, 'माणसाच्या आणि नागरिकाच्या हक्कांचा जाहीरनामा' म्हणा.

मूळ फ्रेंच शब्द 'ऑम', त्याचा अर्थ माणूस पण होतो आणि पुरुष पण. आपल्या 'माणूस'चं तसंच आहे, बाईमाणूस म्हणतो, गडीमाणूस म्हणतो, पण गावाकडे एखादी बाई 'माझा माणूस' म्हणाली की तो तिचा नवराच असतो. 'मानव' लिहिलं की ही खोच निघून जाते, 'पुरुष' लिहिलं तर भांडण सुरू व्हायच्या आधीच निकाल लागतो.

आणि भांडण खरंच मोठं होतं. जाहीरनाम्यात 'बायका सोडून' असं कुठेच लिहिलेलं नाही, तरी मताधिकार त्यांना नव्हता. क्रांतीतला एक पुढारी सियेस, त्याने नागरिकांचे सक्रिय (मत देणारे) आणि निष्क्रिय (मत नसलेले) असे दोन गट पाडले आणि बायका, मुलं, परदेशी लोक यांना निष्क्रियात टाकलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात पॅरिसच्या बाजारातल्या बायका पाव मिळत नाही म्हणून पावसात चालत राजाच्या राजवाड्यावर, व्हर्सायला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाला पॅरिसला घेऊन आल्या, म्हणजे रस्त्यावर उतरायला त्या सक्रियच होत्या! कॉन्डोर्से या विचारवंताने १७९० मध्ये स्पष्ट लिहिलं की हक्क एक तर सगळ्यांना सारखे, नाहीतर खरे हक्क कुणालाच नाहीत, पण त्याचं ऐकणारे थोडे.

मग १७९१ मध्ये ऑलिंप द गूज या लेखिकेने त्या जाहीरनाम्याची १७ कलमं एकेक करून बाईच्या बाजूने परत लिहिली. तिचं दहावं कलम मला फार मोठं वाटतं, बाईला फासावर चढायचा हक्क आहे तर भाषणाच्या व्यासपीठावर चढायचाही हवा. १७९३ च्या ऑक्टोबर अखेरीस कन्व्हेन्शनने, म्हणजे तेव्हाच्या संसदेने, बायकांच्या राजकीय क्लबांवर बंदी घातली आणि ३ नोव्हेंबरला द गूजला गिलोटिनवर चढवलं. मात्र शिक्षा तिच्या या जाहीरनाम्यासाठी नव्हती, राज्यपद्धती लोकांनी मत देऊन ठरवावी असं पोस्टर तिने छापलं होतं त्यासाठी होती, हे दोन नेहमी एकत्र केलं जातं, करू नये.

क्रांतीने बायकांना काहीच दिलं नाही असंही नाही, १७९२ चा घटस्फोटाचा कायदा दोघांना जवळपास सारखा होता. नेपोलियनच्या १८०४ च्या नागरी कायद्याच्या संहितेने बायकोवर नवऱ्याची आज्ञा पाळायचं बंधन घातलं. मताधिकार मिळायला १९४४ उजाडलं.

आता 'सित्वायेन', म्हणजे 'नागरिक'चं स्त्रीलिंगी रूप. क्रांतीत 'मादाम'ऐवजी हीच हाक मारायचे, मत नसलेल्या बाईलाही. द गूजच्या शीर्षकासाठी मी 'स्त्रीच्या आणि नागरिक स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा' लिहीन. 'महिला नागरिक' नको, ते सरकारी फॉर्मवरचं वाटतं आणि 'माणूस'शी जोडी जमत नाही.