रान ओलं, पण बी उगवंना

प्रश्न : आमचं रान चिकोडी तालुक्यात, कृष्णेकाठला. ऊस काढून कांद्याचं बी टाकलं न् बाजूला वरंब्यावर गाजर टोकलं, बोअरचं पाणी दिलं, पण निम्मं पण उगवलं न्हाई. कांद्याच्या त्याच पाकिटातलं बी घराकडं कुंडीत नळाच्या पाण्यावर मस्त आलंय. मग चुकलं कुठं?

उत्तर : दादा, कुंडीत आलंय म्हणजे कांद्याचं बी जिवंत आहे, दुकानदारावरचा राग तूर्त बाजूला ठेवा. उसाचं काळं रान आणि वर बोअरचं पाणी म्हटलं की माझा पहिला संशय क्षारावर जातो. बी उगवायला आधी पाणी पिऊन फुगावं लागतं, मातीत मीठ जास्त असलं की ते पाणी त्याला ओढताच येत नाही, रान ओलं दिसतंय पण बी तहानलेलंच, आणि मीठ आत गेलं तर कोंबच मरतो. कांदा, गाजर, बीन्स ही मिठाला लई नाजूक, मातीची ईसी (मातीत विरघळलेल्या क्षाराचं माप, डेसीसीमेन प्रति मीटरमधी) 1 ते 1.2 च्या वर गेली की उत्पन्न घटायला लागतं, टोमॅटो 2.5 पर्यंत सोसतो.

आता वरंब्याचा माथा बघा, पांढरट पापुद्रा दिसतोय का? सरीतलं पाणी वर चढतं, उन्हानं उडून जातं, मीठ मात्र माथ्यावर साठतं आणि आपण बी नेमकं तिथंच टोकतो! गाजर वरंब्याच्या बगलेला टोका आणि कोंब वर येईपर्यंत वरची माती सुकू देऊ नका, हलकं हलकं पाणी द्या. कांद्याचं रोप गोड्या पाण्यावर वेगळ्या जागी करून मग लावा. मार्चनंतर टाकलं असेल तर उन्हाचाही हात असणार, माती 35 डिग्रीच्या वर तापली की ही दोन्ही पिकं नीट उगवत नाहीत.

पाणी खारं का माती, हे घरीच कळतं. कांद्याचं 100 बी बोअरच्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटात आणि 100 नळाच्या पाण्यातल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, बाराव्या दिवशी मोजा. बोअरच्या पाण्यात बरंच कमी आलं तर दोष पाण्याचा, दोन्हीकडं सारखंच आलं तर माती तपासून घ्या. तपासल्याशिवाय जिप्सम मात्र टाकू नका, ते चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेल्या) जमिनीवरच उपयोगी, तेही पाणी निघून जायला चर असेल तरच, नाहीतर पैसे वाया.

गाजराचं बी कुंडीत बघितलंय का ते तुम्ही लिहिलं नाही. त्याचंही 100 बी नळाच्या पाण्यात लावा, प्रमाणित बियाण्याची किमान उगवण 60 टक्के असावी लागते, त्याच्या बरंच खाली आलं तर पाकीट, बिल आणि लॉट नंबर घेऊन रैत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या जवळच्या कार्यालयात) जा.