गॅलेक्सी क्लस्टर दुर्बिणीतून दिसतात, मग ते शोधायला एक्स-रे उपग्रह कशाला?

दिसतात की भावा, खरं क्लस्टर म्हणजे गुरुत्वाकर्षणानं एकत्र बांधलेला गॅलेक्सींचा घोळका, दुर्बिणीतून दिसतात त्या नुसत्या गॅलेक्सी, आणि क्लस्टरच्या वजनात त्यांच्यातल्या ताऱ्यांचा वाटा जेमतेम काही टक्के. त्याच्या कितीतरी पट गॅस मधल्या मोकळ्या जागेत पसरलेला असतो आणि बाकीचं ऐंशीएक टक्के डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणानं कळणारं द्रव्य.

जॉर्ज एबल या खगोलशास्त्रज्ञानं 1958 ला अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या फोटोप्लेटा डोळ्यांनी तपासून 2712 क्लस्टरची यादी केली, काम नाद खुळा, आजही क्लस्टरला एबलचा नंबर लावूनच बोलतात. पण नुसती गर्दी मोजली की फसायला होतं. रात्री पन्हाळ्यावरून बघ, कोल्हापूरचे दिवे आणि त्याच्या मागचे गोकुळ शिरगाव-कागलकडचे दिवे सगळे एकातच मिसळतात, आकाशात पण तसंच, एका रेषेत पुढंमागं असलेल्या गॅलेक्सी उगाच क्लस्टर वाटतात.

गॅस मात्र असं फसवत नाही (म्हणजे फार कमी फसवतो). क्लस्टरचं गुरुत्वाकर्षण एवढं जबरदस्त असतं की आत पडणारा गॅस आपटून आपटून 1 ते 10 कोटी डिग्रीपर्यंत तापतो आणि एवढा तापलेला गॅस एक्स-रे मधे चमकतो. विरळ किती, तर बाहेरच्या भागात लिटरभर जागेत एखादा कण! आणि ही चमक घनतेच्या वर्गावर ठरते (घनता दुप्पट तर चमक चौपट), त्यामुळं खरोखर एका जागी दाबून बसलेला गॅसच उठून दिसतो, रेषेत इकडंतिकडं पसरलेला नाही.

आता उपग्रह कशाला, तर हे किरण आपलं वातावरण खाली येऊच देत नाही. 1970 ला केनियाच्या किनाऱ्यावरून उहुरू हा एक्स-रे उपग्रह गेला, त्यानं कोमा, पर्सियस असे क्लस्टर एक्स-रे मधे पसरट दिसतात हे दाखवलं. मग 1990 ला रोसॅट उपग्रहानं अख्खं आकाश पालथं घातलं, आणि 2019 ला गेलेली ई-रोसिटा ही जर्मन एक्स-रे दुर्बीण, रशियन यानावर बसवलेली, तिच्या फक्त पहिल्या फेरीतून अर्ध्या आकाशात 12,247 क्लस्टर निघाले. यात ठिपक्यासारखं दिसलं तर बहुतेक करून कुठलं तरी ब्लॅक होल गॅस गिळतंय, आणि धुरकट पसरट दिसलं तर क्लस्टर. लांबच्या क्लस्टरचे फोटॉनच (प्रकाशाचे कण) इतके कमी मिळतात की हे ओळखणं हीच खरी डोकेदुखी.

आणि ऑप्टिकल, म्हणजे साध्या प्रकाशाची दुर्बीण, टाकून द्यायची असं पण नाही हां, क्लस्टर किती लांब आहे ते शेवटी गॅलेक्सींच्या रंगांवरून आणि स्पेक्ट्रमवरूनच काढतात. शिवाय एक्स-रेला पण खोड आहे, ज्याच्या मधोमध दाट, थंड होत चाललेला गॅस आहे तो क्लस्टर जास्त चमकतो म्हणून यादीत पटकन येतो, तसाच वजनदार पण विस्कटलेला मागं राहतो. कुठल्या काळात किती वजनाचे किती क्लस्टर होते यावरून डार्क मॅटर आणि डार्क एनर्जी (विश्वाचं प्रसरण वाढवणारी अज्ञात ऊर्जा) यांचा हिशेब मांडतात, त्यामुळं कोण राहून गेलं हे दुरुस्त केल्याशिवाय यादीचा उपयोग नाही. मला विचारशील तर अशा आकाश-सर्वेतलं खरं डोकं इथंच लागतं.

बीएस्सीला आहेस म्हणालास तर ई-रोसिटाच्या त्या पहिल्या फेरीचा डेटा 2024 पासून सगळ्यांना फुकट आहे, थोडं पायथन येत असेल तर रूमवर बसून उघडता येतो, पहिला एखादा जवळचा मोठा क्लस्टर घे म्हणजे फोटॉन भरपूर मिळतील.