तापवल्यावर द्रावण दुधाळ का होते?

प्रश्न : मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. पीनिपॅम, म्हणजे पॉली-एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलामाइड, या पॉलिमरचे (लहान एकके जोडून बनलेल्या लांब साखळ्यांचे) पाण्यातील नितळ द्रावण सुमारे ३२ अंश सेल्सिअसला दुधाळ होते आणि निवले की पुन्हा नितळ होते. साखर तर गरम पाण्यात अधिक विरघळते. मग येथे उलट का? शिवाय त्यात अ‍ॅक्रिलिक आम्ल घालून केलेला माझा कोपॉलिमर (दोन प्रकारच्या एककांचा पॉलिमर) उदासीन पाण्यात कितीही तापवला तरी गढुळला नाही. संश्लेषण चुकले का?

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही, उलट, आम्ल साखळीत शिरले असल्याचेच हे लक्षण असावे.

पीनिपॅमच्या प्रत्येक एककात पाण्याशी हायड्रोजन बंध जोडणारा अमाइड गट असतो आणि त्यालाच लागून पाण्याशी न जमणारा आयसोप्रोपिल गटही असतो. थंड पाण्यात या दुसऱ्या गटाभोवती पाण्याचे रेणू शिस्तीत बसतात आणि साखळी सैल पसरलेली राहते. तापमान वाढते तशी ही शिस्त एन्ट्रॉपीच्या, म्हणजे रेणूंच्या अव्यवस्थेच्या, हिशेबात महाग पडू लागते. पाणी मोकळे होते, साखळ्या आक्रसून एकमेकींना चिकटतात आणि त्या गोळ्यांवरून प्रकाश विखुरल्याने द्रावण दुधाळ दिसते. हेस्किन्स आणि गिलेट यांनी या संक्रमणाचा अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध केला.

आता तुमचा कोपॉलिमर. दोन्ही मोनोमर, म्हणजे साखळीत जोडले जाणारे सुटे रेणू, एकत्र घातल्याने आम्लाची एकके साखळीभर विखुरली गेली. सामू (पीएच) ७ ला त्यांतील बहुतेक ऋणभारित असतात, एकमेकांना दूर लोटतात आणि साखळीला आक्रसू देत नाहीत. त्याच द्रावणाचा सामू हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबांनी ३ पर्यंत उतरवून सावकाश तापवा. गढूळपणा परत आला, तर शंका मिटेल. अर्थात, न जोडला गेलेला मोनोमर आधी डायलिसिसने, म्हणजे लहान रेणूच बाहेर जाऊ देणाऱ्या पडद्यातून, काढलेला हवा.

मला स्वतःला महत्त्वाची वाटते ती एककांची मांडणी. तेच दोन मोनोमर राफ्ट या साखळीची वाढ नियंत्रित ठेवणाऱ्या पद्धतीने एकामागून एक जोडून दोन सलग खंड केले, तर उदासीन पाण्यात ३२ अंशांच्या थोडे वर पीनिपॅमचा खंड आत गोळा होतो, भारित खंड बाहेर पाण्यात राहतो आणि मायसेल, म्हणजे अनेक साखळ्यांचे असे सूक्ष्म गोळे, तयार होतात. तेव्हा द्रावण दुधाळ न होता त्यावर फिकट निळसर झाक दिसते. म्हणून प्रयोगवहीत प्रमाणाबरोबर मोनोमर कोणत्या क्रमाने घातले, द्रावणात मीठ किती होते आणि मिनिटाला किती अंशांनी तापवले, हेही लिहा. मिठाने गढुळण्याचे तापमान खाली येते.