कागदाला उत्तर कागदानेच

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल तू कर्जवसुलीच्या दाव्याचं सगळं सांगत असताना मी मधेच विचारलं, "समन्स हातात कधी पडलं?" तू म्हणालीस, "पाकीट आलं तसंच कपाटात ठेवलंय, उघडायचा धीर झाला नाही." तिथे माझा आवाज चढला. तू गप्प झालीस आणि मी रात्रभर तळमळत राहिलो. रागावलो याचं वाईट वाटतंय, पण ज्या गोष्टीसाठी रागावलो ती आज पुन्हा सांगणार आहे. कागदाला उत्तर कागदानेच द्यायचं असतं. फोनने नाही, विनवणीने नाही, गप्प राहून तर नाहीच.

कर्ज घेतलंस, नोकरी गेली, हप्ते थकले. यात लाज वाटण्यासारखं काही आहे की नाही, यावर मी एक ओळही खर्च करणार नाही. पैसे बुडवायचे तुझ्या मनात नाहीत, हे तुला माहीत आहे आणि मलाही. पण न्यायाधीशाला ते कुठून कळणार? त्यांच्यासमोर एकच बाजू आहे, वादपत्राची, म्हणजे दावा लावणाऱ्याच्या लेखी तक्रारीची. तुझी बाजू लेखी गेली नाही, तर त्यांच्या लेखी ती नाहीच.

म्हणून हे पत्र वाचून झालं की पाकीट उघड. न्यायालयाचा शिक्का, दाव्याचा नंबर आणि हजर राहायची तारीख बघ. सोबत वादपत्राची प्रत असायला हवी. हल्ली वसुलीवाले न्यायालयीन दिसणारे कागद मोबाईलवर पाठवून माणसांना घाबरवतात, म्हणून तो नंबर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकून दावा खरंच दाखल आहे का ते तपास. मग समन्सवर दिवाणी प्रक्रिया संहितेचा 'आदेश ३७' लिहिलाय का, ते बघ. तसं असेल तर तो समरी दावा, आणि तिथे समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. पुढे निकालासाठीचं दुसरं समन्स येतं, त्यानंतर १० दिवसांत बचावाची परवानगी मागायची. यात चुकलं तर वादीचं, म्हणजे दावा लावणाऱ्याचं, म्हणणं तू मान्य केलंस असं धरून हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा अंतिम आदेश, होतो. साधा दावा असेल तर कैफियत, म्हणजे तुझं लेखी उत्तर, द्यायला ३० दिवस, आणि कारण दाखवलं तर न्यायालय ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. दिवस मोजायचे ते समन्स बजावल्याच्या तारखेपासून. म्हणून काल मी ती तारीख विचारत होतो.

आता फोनवरच्या त्या माणसाबद्दल. तो म्हणाला, "मॅडम, थोडे पैसे भरा, केस आम्ही मागे घेतो, तुम्ही कोर्टात येऊ नका." त्याला एकच सांग, हे लेखी दे. तो देणार नाही. दावा मागे घ्यायचा तर वादीला न्यायालयात तसा अर्ज किंवा पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, द्यावी लागते, आणि ती नोंद होईपर्यंत दावा जिवंत असतो. तडजोड कर, जरूर कर, पण ती दाव्यात दाखल करून. लोकअदालतीत झाली तर उत्तम. तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याचंच बळ असतं आणि त्यावर अपील नसतं.

हे मी इतक्या हट्टाने का सांगतो, ते तुझ्या घरात कुणालाच माहीत नाही. मी एका मित्राच्या कर्जाला जामीन राहिलो होतो. त्याचे हप्ते थकले आणि एके दिवशी समन्स घेऊन न्यायालयाचा बेलिफ माझ्या दारात आला. कर्ज माझं नव्हतं, म्हणून मी ताठ मानेने समन्स घ्यायला नकार दिला. मला वाटलं, घेतलंच नाही तर बजावलं कसं? बेलिफाने शेरा मारला, 'घेण्यास नकार', आणि कायद्याने ती बजावणीच ठरली. करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मित्र म्हणाला, "मी बघतो, तू जाऊ नकोस." मी त्याच्या शब्दावर राहिलो. हुकूमनामा एकतर्फी झाला. मला कळलं ते हुकूमनाम्याच्या वसुलीची दरखास्त दाखल होऊन पगारजप्तीचं पत्र माझ्या कचेरीत पोहोचल्यावर. साहेबांनी ते माझ्यासमोर टेबलावर ठेवलं, एक शब्द बोलले नाहीत.

एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायला ३० दिवसांत अर्ज करता येतो, पण समन्स बजावलंच नव्हतं किंवा हजर न राहण्याला सबळ कारण होतं, हे दाखवावं लागतं. माझ्या नावापुढे नकाराचा शेरा होता. काय दाखवणार? आणि सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. हुकूमनामा देताना न्यायालय स्वतःहून हप्ते बांधून देऊ शकतं. एकदा तो झाला की हप्त्यांसाठी वादीची संमती लागते. मी फक्त तारखेला उभा राहून "साहेब, एकदम झेपणार नाही" एवढं म्हणालो असतो, तर त्यावर विचार तरी झाला असता. पुढची दोन वर्षं घरात जी ओढाताण झाली, ती कर्जामुळे झाली नाही. न दिलेल्या उत्तरामुळे झाली.

मित्रासाठी सही केली ती चूक होती, असं घरचे अजून म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्याची अडचण खरी होती आणि मी पैन् पै फेडली. माझी चूक बेलिफाला दारातून परत पाठवण्यात होती. या दोन गोष्टी एकत्र करून कुणी मला शहाणपण शिकवलं, की आजही माझं डोकं फिरतं. असो, हे तुला सांगायचं कारण नव्हतं.

तू विचारलंस, अटक होईल का. नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५६. पुरुषालाही केवळ पैसे नाहीत म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच सांगितलंय. पण या पैशासाठी तू दिलेला चेक परत गेला असेल तर गोष्ट वेगळी. ते प्रकरण फौजदारी होतं आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम द्यावी लागते. असं काही असेल तर आजच बोल, लपवू नकोस. पगारजप्तीची भीती खरी आहे, पण तिलाही मर्यादा आहे. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही.

भरलेले सात हप्ते हिशेबात धरलेले नाहीत, असं म्हणालीस ना? मग ते कैफियतीत मुद्दा काढून लिहायचं. "सगळं खोटं आहे" असं मोघम लिहून चालत नाही. वादपत्रातलं जे कलम स्पष्टपणे नाकारलं नाही, ते कबूल धरलं जाऊ शकतं. खरं आहे ते कबूल कर, खोटं आहे ते कलमवार नाकार, आणि बँकेचा उतारा जोड. आणखी एक, शेवटचा हप्ता नेमका कधी भरलास ते बघ. वसुलीचा दावा दाखल करायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. तोवर घाबरून कुणाला पाचशे रुपये पाठवू नकोस, 'देणं मान्य आहे' असं लिहूनही देऊ नकोस. मुदत संपण्याआधीची अशी लेखी कबुली किंवा भरणा मुदत नव्याने सुरू करतो.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत, हे कारण मी ऐकणार नाही. विधी सेवा कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. न्यायालयाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, तिथे साधा अर्ज करायचा.

उद्या सकाळी पाकीट, करार, उतारा आणि आधारकार्ड घेऊन माझ्याकडे ये. तिथून आपण दोघं समितीत जाऊ. कैफियत दाखल झाली की तुझ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यायला विसरायचं नाही. आणि त्या माणसाचा फोन आला तर उचल, आवाज न चढवता सांग, "कोर्टात उत्तर देतेय," आणि ठेवून दे. आज रात्री मात्र समन्सवरची तारीख मला कळव, कितीही उशीर झाला तरी. मी जागा आहे.

तुझा,
काका